भाकरीचं सोडा, मटकीनं काय घोडं मारलं होतं?

या आठवड्याचं पत्र कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून आलंय. मोठं होतं, थोडं छाटून देते.

“ताई नमस्कार. वय ३४, शिरोली एमआयडीसीत कामाला. वजन ८८ झालं होतं, पोट सुटलेलं. आधी माझं खाणं असं, सकाळी चहाबरोबर चार-पाच खारी, दहाला मिसळ नाहीतर कटवडा, दुपारी डब्यात पाच चपात्या, रात्री तीन भाकऱ्या आणि वर भात. जिममधले सर म्हणाले धान्य टोटल बंद कर, गहू ज्वारी तांदूळ काही नको, धान्य म्हणजे साखरच. तीन आठवडे झाले, साडेतीन किलो उतरलंय. आता पनीर, अंडी, शेंगदाणे, मटण, आणि सकाळी तूप घातलेली कॉफी. पण रविवारी गांधी मैदानावर फुटबॉलची मॅच खेळताना सेकंड हाफला पायच उचलत नाहीत, पोट साफ होत नाही, आणि घरात सगळ्यांवर खेकसतोय म्हणे. धान्य बंद म्हटल्यावर आईनं माझ्या ताटातली मटकी-हरभऱ्याची उसळपण बंद केली. बायको म्हणते, दोन-दोन स्वयंपाक करून दमलो मी आता. चालू ठेवू का सोडू? ता.क. बाबांना शुगर आहे, वय ६३, गोळ्या चालू आहेत. माझं बघून तेपण सोमवारपासून धान्य सोडणार म्हणतायत.”

(बाहेरगावच्या वाचकांनी गोंधळू नये, आमच्याकडं बायका ‘दमलो’च म्हणतात.)

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा खालून वर वाचलं, कारण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ता.क. मध्ये टाकलीय. तुमचं पोट, तुमची मॅच, ते बघू आपण निवांत. आधी बाबांचं, कारण सोमवार जवळ आलाय.

बाबांच्या गोळ्यांची पाकिटं आत्ता हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर घाबरण्यासारखं फार नाही. पण आपल्याकडं बऱ्याच जणांना मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड असलेली एकत्र गोळी दिलेली असते, आणि ही ग्लिमेपिराइड काय करते तर तुम्ही जेवला की नाही याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच. म्हणजे ताटातनं भाकरी-भात गेला आणि गोळी तेवढीच राहिली तर साखर ७० च्या खाली येऊ शकते, घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यापुढं अंधारी येते, आणि हे पहाटे बाथरूमला जाताना झालं तर माणूस पडतो. इन्सुलिन घेत असतील तर हाच धोका आणखी जास्त. दुसरी एक जात म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं त्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन वगैरे. त्या चालू असताना कार्ब, म्हणजे भात-भाकरी-साखरेतली कर्बोदकं, एकदम तोडले तर रक्तात आम्ल वाढायची भीती असते, उलट्या होतात, धाप लागते, पोट दुखतं, आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, त्यात मीटरवर साखर फार वाढलेली दिसतही नाही, त्यामुळं घरचे म्हणतात ॲसिडिटी झाली असेल.

याचा अर्थ बाबांनी धान्य कमी करू नये असा नाही हं. उलट शुगरवाल्या माणसानं भात-भाकरी-चपाती कमी केली तर साखर खरोखर उतरते, कधीकधी डॉक्टर गोळीचा डोस कमी करतात, मी हे पेशंटमध्ये बघितलेलं आहे. फक्त क्रम उलटा करायचा नाही. आधी डॉक्टर, मग ताट. त्यांना सांगायचं की आम्ही जेवणातलं धान्य अर्ध्यावर आणतोय, गोळ्यांचं काय करायचं ते सांगा, आणि त्याच फेरीत क्रिएटिनिन तपासून घ्या, कारण किडनी कुरकुरत असेल तर तुमच्यासारखं पनीर-मटण-अंडी त्यांना झेपणार नाही. घरी ग्लुकोमीटर आणा, जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी असं काही दिवस लिहून ठेवा. आणि चक्कर-घाम असं काही झालंच तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच पाजायची, ‘शुगरवाल्याला साखर कशी देऊ’ असा विचार करत बसायचं नाही, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. बेशुद्ध असतील तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

हं. आता तुमच्याकडं येऊ.

मला तुमच्या पत्रातली सगळ्यात आवडलेली व्यक्ती म्हणजे तुमची आई. सरांनी सांगितलं धान्य बंद, आईनं ऐकलं धान्य बंद, आणि कडधान्यात धान्य आहे म्हणून तिनं मटकीपण उचलून ठेवली. तिचं काय चुकलं? मराठीत धान्य म्हटलं की त्यात सगळंच आलं. सरांच्या मनात होती ती एकदल धान्यं, गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका. मटकी, हरभरा, मूग, हुलगा ही द्विदल, त्यांचं गणितच वेगळं. शाळेत दोन भाग होणारं बी आणि न होणारं बी असं शिकवलेलं असतं बघा, तेच. आता शंभर ग्रॅम मटकीत साधारण २० ग्रॅम प्रोटीन असतं, फायबर भरपूर, आणि तुम्ही नेमकी तीच बंद करून वर ‘पोट साफ होत नाही’ म्हणताय. ज्वारीतपण शंभर ग्रॅमला १० ग्रॅमच्या आसपास फायबर असतं. म्हणजे भाकरी गेली, उसळ गेली, राहिलं काय तर पनीर, अंडी, मटण, तूप. यात फायबर कुठाय? मटणात नसतं, अंड्यात नसतं, पनीरमध्ये नसतं, तुपात तर नाहीच. दिवसाला निदान २५-३० ग्रॅम लागतं आणि तुमच्या पोटात जे काय जातंय ते मूठभर शेंगदाण्यांचं. पोट साफ होणार कशानं? इसबगोल विकत आणण्याआधी मटकी भिजत घाला आज रात्री.

दुसरं म्हणजे धान्य सोडणं ही आपल्याला काही नवीन गोष्ट नाही. आपल्या घरात महिन्यातनं दोनदा धान्यमुक्त दिवस असतो, एकादशी म्हणतात त्याला. गहू नाही, ज्वारी नाही, तांदूळ नाही. आणि काय खातो आपण? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वेफर्स, शेंगदाण्याचा लाडू. साबुदाणा हे धान्य नाहीच, टॅपिओकाच्या कंदाचा स्टार्च आहे, शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि प्रोटीन जवळजवळ शून्य. एकादशी अन् दुप्पट खाशी हे आपल्या आज्यांनी उगाच नाही म्हणून ठेवलं. धान्य नसणं हाच आरोग्याचा मंत्र असता तर आषाढीनंतर अख्खा कोल्हापूर जिल्हा सडपातळ झाला असता.

आता तुमचे साडेतीन किलो. मी काय तुमचा आनंद हिरावून घेत नाही, पण हिशोब तर करू. शरीर थोडीशी साखर ग्लायकोजेन म्हणून साठवून ठेवतं, लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये मिळून साधारण चारशे-पाचशे ग्रॅम, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनएक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कार्ब बंद केले की हा साठा उतरतो आणि पाणीपण जातं, म्हणजे पहिल्या आठवडा-दहा दिवसांत दीड-दोन किलो नुसती हीच गाडी खाली होते. चरबी नाही ती. एका लग्नात जेवून आलात की त्यातलं बरंचसं दोन दिवसांत परत, आणि मग माणूस म्हणतो मला भात लागतो, भातानं वजन वाढतं. राहिलेले दीड किलो मात्र तुमचे, मेहनतीचे, त्याबद्दल शाबासकी.

पण ते दीड किलो कशानं गेले? धान्य सोडल्यानं? तुमचीच यादी बघा ना. सकाळच्या खारी गेल्या, म्हणजे मैदा आणि डालडा गेला. मिसळ गेली म्हणजे ते जाडजूड ब्रेडचे स्लाइस, फरसाण आणि कटावरचं तेल गेलं. डब्यातल्या पाच चपात्या म्हणजे साधारण साडेपाचशे कॅलरी, रात्रीच्या तीन भाकऱ्या, आपल्या कोल्हापुरी मापाच्या बरं का, पुण्याच्या नाही, एकेक सत्तर ग्रॅम पिठाची धरली तर सातशे, वर भात दोन-तीनशे. दिवसाला दीड हजार कॅलरी नुसत्या पोळी-भाकरी-भाताच्या होत्या तुमच्या, खारी आणि मिसळ धरलीच नाही. तुमचे आजोबा हे खात असतील तर ते शेतात नांगर धरत होते, तालमीतला पैलवान तूप-दूध-थंडाईचा खुराक घेतो तर जोर-बैठका मारून जिरवतोपण, आणि तुम्ही, रागावू नका, दिवसभर मशीनसमोर उभे आणि घरी येऊन मोबाइलसमोर आडवे. ज्वारीचा काय दोष यात? ताटात जेवढं पडत होतं तेवढं जिरत नव्हतं, बस.

सर म्हणतात धान्य म्हणजे साखर. अर्ध खरं आहे, म्हणून तर लोकांना पटतं. स्टार्च पोटात जाऊन शेवटी ग्लुकोजच होतो, त्यात वाद नाही. पण तो किती वेगानं होतो, बरोबर काय येतं, आणि किती खाल्ला यावर सगळं. पॉलिशचा पांढरा भात आणि मैद्याचा पाव पटकन विरघळतो, सालासकट दळलेलं धान्य फायबर आणि ब जीवनसत्त्वं घेऊन येतं, नाचणी तर शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम घेऊन येते. आणि दुसऱ्या बाजूनंही सांगते, कारण हल्ली ‘मिलेट’ म्हणून ज्वारीची आरती ओवाळणारेपण खूप झालेत. ज्वारी आहे म्हणून तीन भाकऱ्या माफ, असं काही नसतं, तीन भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणार म्हणजे वाढणार. चहात साखरेऐवजी गूळ घालून ‘मी साखर सोडली’ म्हणणाऱ्यांची आणि यांची एकच जत्रा. गुळाच्या गावात राहून हे बोलायला मलाच कसंतरी होतं पण काय करणार.

अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये ६०९ लोकांवर वर्षभर एक प्रयोग झाला होता, त्याचे आकडे २०१८ साली छापून आले. अर्ध्यांना कमी फॅटचा आहार, अर्ध्यांना कमी कार्बचा. वर्षानंतर एका गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो, म्हणजे फरक धरण्यासारखा नाही. पण दोन्ही गटांना एक गोष्ट सारखी सांगितली होती, साखर आणि मैदा टाळा, भाज्या भरपूर खा. माझ्या मते तुमच्या बाबतीतपण तेच झालंय, श्रेय मात्र धान्य सोडण्यानं लाटलं.

तरी सरांना मी पूर्ण वेड्यात काढणार नाही. आपल्या देशात लोकांच्या रोजच्या कॅलरीतल्या ५० ते ७० टक्के नुसत्या धान्यातून येतात, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय की हे ४५ टक्क्यांच्या आसपास आणा, डाळी-कडधान्यं, भाज्या, दूध, सुकामेवा वाढवा. म्हणजे कमी करा हे बरोबरच आहे. सरांनी फक्त ४५ चा शून्य केला.

मॅचमध्ये पाय का उचलत नाहीत ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. चालायला, हळू पळायला चरबीवर गाडी चालते, पण बॉलमागं एकदम सुटायचं, थांबायचं, परत सुटायचं, याला स्नायूंना ग्लायकोजेन लागतं आणि तुम्ही टाकी रिकामी करून मैदानात उतरताय. फर्स्ट हाफ रिझर्व्हवर निघतो, सेकंड हाफला ढकलगाडी. पेठेतलं पब्लिक काय काय बोलतं ते मला माहिताय, तेवढ्यासाठी तरी मॅचच्या दिवशी सकाळी दोन-अडीच तास आधी एक भाकरी आणि दोन अंडी, नाहीतर दही-भात खाऊन जा.

आणि खेकसण्याचं. हे मी स्वतः केलेलं आहे. काही वर्षांपूर्वी एक लग्न होतं घरात, मला एक ब्लाऊज बसवायचा होता, आहारतज्ज्ञ असूनही अक्कल गहाण ठेवून चाळीस दिवस धान्य बंद केलं. चार किलो गेले, ब्लाऊज बसला. पण तिसऱ्या आठवड्यात माझी मुलगी दारात उभी राहून म्हणाली, आई तू आधी भात खा मग माझ्याशी बोल. लग्नात मसालेभात आणि जिलेबी समोर आली आणि चाळीस दिवसांचं सगळं व्याजासकट वसूल झालं, दोन महिन्यांत पाच किलो. तो ब्लाऊज अजून कपाटात आहे.

कुणी खरंच धान्य सोडावं, निदान गहू तरी? सिलिॲक नावाचा आजार असतो, त्यात गहू आणि जव यातल्या ग्लूटेनमुळं शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं. सतत जुलाब, रक्त कमी, मुलांची उंची न वाढणं अशी लक्षणं असतात. उत्तर भारतात जास्त दिसतो, आपल्याकडं कमी, पण नाहीच असं नाही. त्यांना गहू आयुष्यभर बंद, पण ज्वारी, नाचणी, तांदूळ चालतो, त्यात ग्लूटेन नसतंच. फक्त लक्षात ठेवा, ही रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची असते, आधी महिनाभर गहू सोडून मग टेस्ट केली तर ती खोटी चांगली येऊ शकते. काहींना सिलिॲक नसूनही गव्हानं पोट फुगतं, त्यात बऱ्याचदा ग्लूटेन नाही तर फ्रुक्टन नावाची साखर असते, ती कांदा-लसणातपण असते. तुम्हाला आधी असला काही त्रास नव्हता, त्यामुळं हे तुमचं प्रकरण नाही.

तर करायचं काय. खारी बंदच राहू दे, ती परत आणायची नाही. दुपारी दोन चपात्या, रात्री एक भाकरी. भात खायचाय? खा, पण मग त्या जेवणात भाकरी नाही. भाकरी संपवायला भात आणि भात संपवायला आमटी ही आपली जुनी सवय, ती तोडा. जी जागा रिकामी झाली तिथं उसळ, पण दोन वाट्या, चमच्यानं वाढलेली शोभेची नाही. मटकी, हरभरा, वाटाणा, हुलग्याचं माडगं, आलटून पालटून. भाकरीत जे प्रोटीन कमी पडतं ते उसळ भरून काढते आणि उसळीत कमी ते भाकरी, म्हणून तर झुणका-भाकर आणि वरण-भात अशा जोड्या आपल्याकडं जमल्या. तुमच्या वजनाला साधं जगायला दिवसाला ७० ग्रॅम प्रोटीन लागतं, जिम आणि फुटबॉल धरला तर नव्वद-शंभर. अंडी चालू ठेवा, मटण आठवड्यातनं एकदा-दोनदा, तांबडा रस्सा वाटीनं प्या, तांब्यानं नको. कॉफीतलं तूप काढा, ते सरांना पाजा. शेंगदाणे मोजून, मूठभर म्हणजे दीडशे कॅलरी झाल्या, टीव्हीसमोर पिशवी घेऊन बसायचं नाही. जेवताना आधी काकडी-मुळा-मेथी, मग उसळ, भाकरी शेवटी, असं केलं तर जेवणानंतरची साखर एवढी उसळत नाही, हे बाबांनाही लागू. आणि रात्री जेवून पंधरा-वीस मिनिटं दोघं बापलेक रंकाळ्यावर चालून या, त्याचा साखरेवर चांगला परिणाम होतो. फक्त परत येताना गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर थांबायचं नाही, म्हशीचं दूध आहे ते, मोठा ग्लास म्हणजे तीनशे कॅलरी आणि तुमचं चालणं फार तर शंभराचं. महिन्यातनं एकदा थांबा.

मिसळीचं विचारलं नाही तुम्ही, पण मनात असणार. आठवड्यातनं एकदा, मटकी जास्त सांगायची, फरसाण कमी, एक स्लाइस. मालक वर-खाली बघेल, बघू दे.

सुरुवातीला भाकरी परत आली की वजनकाट्यावर एक-दीड किलो वर दिसेल, ते वर सांगितलेलं पाणी, त्याला भिऊन परत सगळं बंद करू नका. काटा बाजूला ठेवा, कमरेला बेंबीवरनं टेप लावून आजचा आकडा लिहून ठेवा आणि दीड महिन्यानं परत लावा.

बायकोला सांगा आजपासून एकच स्वयंपाक, सगळ्यांना तेच, फक्त कुणाच्या ताटात किती ते वेगळं. आणि पीठ तुम्हीच दळून आणत जा, दोन जिने पिशवी चढवली तर तोपण व्यायामच. आईला मटकीचं मी सांगितलं म्हणून सांगा, माझं नाव घ्या.

बाबांची गोळी कुठली निघाली आणि डॉक्टर काय म्हणाले तेवढं मात्र सोमवारच्या आत कळवा.